ज्याच्या पायानं गेला, त्यानं आणायचा

प्रवासाहून येताना लोक शाली आणतात, मिठाई आणतात, फ्रिजवर चिकटवायचे छोटे मनोरे आणतात. मी भंडारा जिल्ह्यात चार दिवस राहून आलो आणि येताना राग घेऊन आलो. तो अजून घरातच आहे. बायको म्हणते, निदान व्हरांड्यात तरी ठेवा, स्वयंपाकघरात नको.

निघालो तेव्हाही तिनं विचारलं होतं, "भंडारा? कुठल्या देवाचा?" आमच्या कोल्हापुरात भंडारा म्हणजे देवळातली हळद, नाहीतर देवळातलं जेवण. भंडारा नावाचा एक जिल्हा आहे, तिथं नदी आहे, तळी आहेत आणि आपल्या क्लबची मुलींची फुटबॉल अकॅडमी आहे, हे मी तिला नकाशावर दाखवलं. नकाशा बघून ती म्हणाली, "एवढ्या लांब चेंडू कुणी मारला?"

बाईनं नेमकं बोट ठेवलं होतं.

तर सांगतो. माझं वय पन्नाशीपार. तरुणपणी मी उजव्या बगलेवर खेळायचो, म्हणजे खेळायचो कमी आणि पळायचो जास्त. आता मॅचच्या दिवशी माइक माझ्या हातात असतो. मैदानावर येणाऱ्यांपैकी निम्मी माणसं मला ऐकायला येतात, असं मी समजतो. बाकी कुणी तसं समजत नाही. क्लबचं नाव लिहीत नाही, कारण अध्यक्ष अजून अध्यक्ष आहेत. त्यांचा धंदा ट्रकांचा. मुंबईहून कलकत्त्याकडं जाणाऱ्या हायवेवर लाखनीजवळ त्यांनी पूर्वी ट्रक उभे करायला जागा घेतली होती. जागा पडून राहिली. मग कुठल्याशा समारंभात टाळ्यांच्या भरात त्यांनी तिथं अकॅडमी जाहीर केली. पेपरात फोटो आला. आता हायवे रुंद झाला, जागेला सोन्याचा भाव आला, आणि अध्यक्षांना अचानक प्रश्न पडला की ही अकॅडमी परवडते का.

"आप्पा," ते मला म्हणाले, "जाऊन बघून ये जरा. पोरी खेळत्यात का नुसत्या जेवत्यात. तू म्हणलास न्हाई परवडत, की कमिटी ऐकतीया."

म्हणजे मला उत्तरासकट पाठवलं होतं. प्रश्न तेवढा तिथं जाऊन शोधायचा होता.

कारधा

नागपूरपर्यंतच्या रेल्वेत काय झालं ते सांगत नाही. काहीच झालं नाही. भंडाऱ्याच्या स्टँडवर अकॅडमीचे कोच वामन मास्तर मोटारसायकल घेऊन उभे होते. शाळेत पीटीचे मास्तर होते, आता निवृत्त. अंगानं काटकुळे, आवाज मात्र अंगाच्या तिप्पट. बघताक्षणी मला आवडले. माइकशिवाय ऐकू जाणारा माणूस मला नेहमी आवडतो.

"बसा जी," म्हणाले. "पयले कारध्याले चहा घेऊ."

वैनगंगेवरचा पूल ओलांडला की कारधा. जानेवारीतलं ऊन, खाली रुंद, शांत पाणी. आमची पंचगंगा पावसाळ्यात घरात शिरते, ही कुणाच्या घरी न विचारता जाणार नाही अशी दिसत होती. पुढं कळलं की हीही शिरते. नद्यांच्या चेहऱ्यावर जाऊ नये.

टपरीवाला खर्रा घोटत होता. म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून तो कागद पाटीवर असा घासत होता की आमच्याकडं चंदनसुद्धा कुणी इतक्या भक्तीनं उगाळत नाही. मास्तरांनी माझी ओळख करून दिली, कोल्हापूरवरून आलेत.

"बाप्पा! कोल्हापूर? कायले जी?"

"फुटबॉल बघायला."

त्यानं घासणं थांबवलं. "इतं? इतं तं लोकं ट्रक पाहाले येतेत. परवाच दोघं येऊन गेले तुमच्या मास्तरच्या जाग्यावर. फीत लावून लावून मोजत होते."

मास्तर चहाच्या कपात बघत राहिले. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. माझा राग तिथं, त्या टपरीवर जन्मला. त्याची जन्मवेळ कुणाला कुंडलीसाठी हवी असेल तर ती भरदुपारची आहे.

लाखनी

अकॅडमीच्या फाटकावर भलामोठा फलक आहे. त्यावर चेंडू आहे आणि अध्यक्ष आहेत. अध्यक्ष चेंडूपेक्षा मोठे आहेत. आत हिरवं कृत्रिम गवत, मागं पत्र्याचं वसतिगृह, आणि मैदानाच्या एका अंगाला आमच्या अध्यक्षांचे तीन ट्रक. "तात्पुरते हायेत," मास्तर म्हणाले. ट्रकांच्या चाकांखाली गवत उगवलं होतं.

दुसऱ्या अंगाला उंच लोखंडी खांब ओळीनं उभे. खांबांना काहीच नाही. पलीकडं लगेच कुणाचं तरी शेत, त्यात गुडघाभर हिरवं पीक, मधूनमधून निळी फुलं.

"हे खांब कशाचे?"

"जाळीचे जी. चेंडू बाहेर नाई जावा म्हणून."

"जाळी कुठाय?"

"वाऱ्यानं फाटली. क्लबले सांगतलं. दुसऱ्या साली बी सांगतलं." मास्तर हसले. "खांब हायेत."

मुली सराव करत होत्या. वीसेक असतील. त्यांच्यात एक लांब पायांची, कपाळाला रिबन बांधलेली, मधल्या फळीत खेळत होती. तिच्याकडं चेंडू आला की बाकीच्या मुली आपोआप मोकळ्या जागेकडं पळू लागत, कारण चेंडू तिथंच येणार हे त्यांना ठाऊक असे. ही पल्लवी सेलोकर, दहावीतली, मोहाडी तालुक्यातल्या करडीची. मी आयुष्यभर फुटबॉल बघितलाय आणि त्याहून जास्त त्याबद्दल बोललोय. तिचा खेळ बघताना मी पाच मिनिटं गप्प होतो. बायकोला सांगितलं तर खोटं वाटेल.

आणखी एक गोष्ट दिसली. सगळा सराव एकाच चेंडूवर चालला होता. चेंडू बाहेर गेला की सगळ्या जागच्या जागी कमरेवर हात ठेवून थांबत. जिच्या पायानं गेला ती पळत जाऊन आणी. मग पुन्हा सुरू.

"मास्तर, बाकीचे चेंडू?"

"मागतले हायेत जी."

रात्रीचं जेवण मुलींबरोबर. माझ्या ताटात भाताचा डोंगर, बाजूला लाखोरीची, म्हणजे शेजारच्या शेतातल्या त्या निळ्या फुलांच्या पिकाची डाळ आणि चिंगऱ्यांची, म्हणजे सुक्या बारीक झिंग्यांची झणझणीत भाजी. आम्ही कोल्हापूरकर तिखटाचा फार अभिमान बाळगतो. पहिल्या घासाला माझ्या अभिमानाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी सवयीनं म्हणालो, "भाकरी नाही का?"

वाढणाऱ्या बाईंनी मला नीट बघून घेतलं. "भाताच्या आंधी पायजे का भाताच्या मांगं?"

"आमच्याकडं भात शेवटी असतो."

"अन् मंग पयले काय जेवता?" एका मुलीनं इतक्या काळजीनं विचारलं की सगळी पंगत हसली. आमच्याकडं भात म्हणजे जेवण संपल्याची खूण, इथं जेवण म्हणजेच भात. चिन्नोर तांदळाचा तो वास घेत मी तीनदा भात घेतला आणि भाकरीचं नाव काढलं नाही.

करडी

दुसऱ्या दिवशी रविवार. पल्लवी घरी निघाली होती, मास्तर म्हणाले, तुम्ही बी चला. गावाचं नाव करडी, पण पीक धानाचं, म्हणजे भाताचं. धान कापून झालं होतं. इथं धानाच्या प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी मातीचा बांध असतो, म्हणजे पाणी आत राहतं. त्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि बांधाला धुरा. धान उभं असतानाच त्यात लाखोरीचं बी फेकतात. ना नांगर, ना पेरणी. धान कापलं की खालून लाखोरी वर येते. म्हणून जानेवारीत एक बांधी निळ्या फुलांची, शेजारची रिकामी, असा बुद्धिबळाचा पट दिसतो.

रिकाम्या बांधीत पोरंपोरी फुटबॉल खेळत होती. पल्लवीनं बॅग धुऱ्यावर टाकली आणि ती त्यांच्यात शिरली. तिचे वडील रामदास सेलोकर लाकडी बाजेवर बसले होते. मला म्हणाले, "या जी, बसा. का खेळता?"

असं विचारल्यावर माझ्यासारखा माणूस बसत नसतो. मी पँट दुमडली.

खेळायला लागल्यावर कळलं की इथं कुणीच चेंडू उंच मारत नाही. सगळा खेळ जमिनीलगत, छोट्या पासचा, घट्ट. का, ते मला समजायच्या आत चेंडू माझ्याकडं आला आणि माझ्यातला जुना विंगर जागा झाला. असा सणसणीत फटका मारला की चेंडू धुऱ्यावरून, त्यापलीकडच्या धुऱ्यावरूनही उडून निळ्या फुलांत जाऊन बसला.

मी टाळ्यांची वाट बघत उभा राहिलो. सगळे कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होते.

"आणा जी," पल्लवी म्हणाली.

"मी?"

"ज्याच्या पायानं गेला, त्यानं आणाचा." आणि मी सरळ लाखोरीतून निघालो तेव्हा तिचा आवाज चढला, "अहो काका, काहून तिकून जाऊन राहिले? धुऱ्यानं जा नं, धुऱ्यानं! पीक हाय ते!"

मागून रामदासभाऊंचा आवाज आला, "जाऊ दे पोरी, कोल्हापूरले धुरा नसन."

धुऱ्यावरून चालणं म्हणजे एका पावलाची पायवाट, दोन्ही बाजूंना उतार. पोट सांभाळत, हात पसरून, डोंबाऱ्यासारखा मी चाललो. एक बांधी वळसा, दुसरी बांधी वळसा. ज्या शेतात चेंडू पडला होता तिथंही धुऱ्यावर बसून, काठीनं चेंडू ओढून घ्यायचा असतो. काठी त्यासाठी तिथं रोवूनच ठेवलेली होती. परत आलो तेव्हा घामानं भिजलो होतो. इतका वेळ खेळ थांबला होता. कुणी कुरकुरलं नाही. कुणी माझ्याशिवाय खेळायला लागलं नाही.

आमच्याकडं चेंडू बाहेर गेला तर तीन चेंडू आत येतात आणि त्यांच्यामागून एक मारामारी. इथं एकाच्या चुकीसाठी बारा जण उभे. मी मास्तरांना म्हणालो, "हे तुम्ही शिकवलं?"

"मी कायले शिकवू? मीच इतंच शिकलो. अकॅडमीची जाळी फाटली अन् शेजारचा शेतकरी काठी घेऊन आला, तवा मंग हाच नियम तिथं लावला. तेव्हापासून भांडण नाई."

जेवताना रामदासभाऊ एकदम मुद्द्यावर आले. "आता मार्चमंदी इची दहावी. गावची शाळा सोडवून लाखनीले टाकली, तुमच्या क्लबनं सांगतलं म्हणून. म्हणे, दहावीनंतर कोल्हापूरले कॉलेज, हॉस्टेल, मोठ्या टीममंदी खेळणं. घरचे पावणे म्हणाले, पोरगी बॉल मारून का करन? मी म्हणालो, करन का नाई ते पाहू." त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला. "तं नेऊन राहिले नं तिले?"

पल्लवी भिंतीला टेकून उभी होती. ऐकत नसल्यासारखी ऐकत होती.

"परवा नागपूरच्या संघाबरोबर मॅच आहे," मी म्हणालो. "अध्यक्ष येणार आहेत. त्यांनी खेळ बघितला की दुसरं काही बोलायची सोय उरणार नाही त्यांना."

मी अध्यक्षांना तीस वर्षं ओळखतो. तरी असं बोललो. भाताचा परिणाम असावा.

पुन्हा लाखनी

अध्यक्ष पांढऱ्या बुटांत आले. बरोबर पुण्याचा सल्लागार निनाद. हा मुलगा गोरा, नम्र, आणि प्रत्येक वाक्यात 'रिटर्न' म्हणणारा. मैदानाकडं पाठ करून त्यानं मला विचारलं, "सर, अकॅडमीतून सीनियर टीमला आतापर्यंत किती प्लेअर मिळाल्या? विकता येण्यासारख्या किती?"

"पोरींची विक्री?"

"ट्रान्सफर, सर."

रागाच्या भरात मी अन्याय करणार नाही. प्रश्न चुकीचा नव्हता. अजून एकही मुलगी मोठ्या संघात गेलेली नाही, आणि वीस पोरींचं जेवणखाण हवेतून येत नाही. गावोगावचे क्लब अकॅडम्या काढतात आणि फलक रंगवून झाला की विसरतात. पैसा कुठं जातो ते विचारावं, जरूर विचारावं. पण हा प्रश्न विचारायची एक वेळ असते. लाखोरी फेकायच्या आधी विचारा, शेत घ्यायचं का नाही. फेकून झाल्यावर, कोंब गुडघ्याला आल्यावर तुम्ही बांधावर उभं राहून म्हणू लागलात की इथं ट्रक बरे दिसतील, तर त्याला हिशेब म्हणत नाहीत. रामदासभाऊंच्या पोरीची गावची शाळा सुटली आहे. ती कुठल्या तक्त्यात धरली, निनाद?

हे सगळं मी त्याला म्हणालो. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "इमोशनल कॉस्ट वेगळी धरतात, सर."

मॅच सुरू झाली. नागपूरच्या पोरी तयारीच्या, धिप्पाड, प्रत्येकीचे बूट नवे. आमच्या पोरींनी पहिल्या अर्ध्या तासात त्यांना नाचवलं. चेंडू जमिनीला चिकटून, पायातून पायात, आणि मध्ये पल्लवी. एक गोल आमचा झाला. मी माइक नसताना समालोचन सुरू केलं. हायवेवर थांबलेले ट्रकवाले टपावर चढून बघायला लागले. अध्यक्षसुद्धा म्हणाले, "आयला, ही लांब टांगेची कोण रं?" मी म्हणालो, तुमचीच आहे. नागपूरनं मग एक गोल फेडला. एक-एक.

शेवटची काही मिनिटं राहिली होती, आणि तोवर चेंडू एकदाही शेतात गेला नव्हता. नागपूरची एक मुलगी एकटीच गोलपुढं घुसली. पल्लवी कुठून तरी वाऱ्यासारखी आली, घसरली आणि चेंडू असा उडवला की तो नसलेल्या जाळीतून थेट लाखोरीत. गोल वाचला. मी उडी मारली.

आणि मग पल्लवी उठली, आणि चेंडू आणायला पळाली.

मला कळायला एक क्षण लागला. मैदानाच्या कडेनं, खांबांच्या पलीकडून, धुऱ्याधुऱ्यानं ती पळत होती. मैदानात आमच्या बाकीच्या दहा पोरी कमरेवर हात ठेवून उभ्या. गोलकीपरसुद्धा. जगात याहून स्वाभाविक गोष्ट नाही अशा उभ्या. मास्तर ओरडले, "खेळा! अरे खेळा!" पण नागपूरच्या बाजूला चेंडूंनी गच्च भरलेली पिशवी होती. त्यातला एक त्यांच्या मुलीनं उचलला, आत फेकला. दोन पास, आणि गोल. पंचांनी शिट्टी वाजवली. त्यांचं काही चुकलं नाही. नियम तसाच आहे.

आमच्या पोरींना नियम ठाऊक होता. दुसरा चेंडू असतो, हे मात्र त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

पल्लवी परत आली तेव्हा नागपूरच्या पोरी एकमेकींना मिठ्या मारत होत्या. तिच्या हातात चेंडू होता, पायाला काट्याचं रक्त. ती पंचांजवळ गेली, चेंडू पुढं धरला. मग गुणफलकाकडं बघितलं, मग मास्तरांकडं.

"मी येतवर थांबा लागते नं, सर?"

मास्तरांनी तिच्या हातातला चेंडू घेतला आणि वाकून तिच्या पायातला काटा काढला.

ऑफिसात समोसे होते. निनाद म्हणाला, "बेसिक प्रोफेशनलिझमच नाही. मॅच चालू असताना प्लेअर मैदान सोडते, टीम उभी राहते. एवढ्या वर्षांची गुंतवणूक आणि हे आउटपुट."

"जाळी कुणी लावली नाही?" मी विचारलं.

"आप्पा, विषय जाळीचा न्हाई."

"दुसरा चेंडू कुणी दिला नाही?"

"आप्पा, आवाज खाली."

"खाली घेतो. जाळी तुम्ही वाचवली, चेंडू तुम्ही वाचवले, आणि त्या वाचवण्यानं पोरींच्या अंगात जी सवय मुरली तिलाच आज तुम्ही शिस्त नाही म्हणताय! शेजारच्याचं पीक तुडवू नये म्हणून जी पोरगी रक्त काढत वळसा घालून जाते, तिला शिस्त नाही? मग तुमच्या तीन ट्रकांना शिस्त आहे? ते तुमच्याच पायानं या मैदानात आलेत, परत न्यायला कोण येणार?"

अध्यक्षांनी समोसा खाली ठेवला. ते चिडले नव्हते, हे मला जास्त झोंबलं. प्रेमानं म्हणाले, "आप्पा, हितं वीस ट्रक ऐसपैस ऱ्हात्यात बघ. हंगाम संपला की कमिटीत घेऊ. पोरींना काय, त्या आपल्या गावी खेळतील की. खेळायला काय अकॅडमी लागतीया व्हय?"

निघताना मास्तरांनी मोटारसायकल काढली. फाटकापाशी पल्लवी उभी होती. पायाला पट्टी. मला म्हणाली, "काका, क्लब अकॅडमी बंद करून राहिला का?"

"अजून नाही."

"माह्या पायानं गेला नं पण." ती जमिनीकडं बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "तुझ्या पायानं फक्त चेंडू गेला."

कोल्हापूर

हंगामाची पहिली मॅच. मैदान खचाखच. शिरस्त्याप्रमाणे अध्यक्षांनी मध्यावर जाऊन चेंडूला पाय लावायचा आणि सामना सुरू व्हायचा. पाहुणे हळूच पाय लावतात, फोटो निघतो, संपलं. पण समोर हजारो माणसं, कॅमेरे, पायात पांढरे बूट. आमच्या अध्यक्षांच्या अंगातला विंगर जागा झाला. तो आजार मला ओळखीचा आहे.

त्यांनी फटका मारला. चेंडू तिरका गेला, बाजूच्या प्रेक्षक गॅलरीच्या कोपऱ्यावरून बाहेर, रस्त्यावर.

पोरगं दुसरा चेंडू घेऊन आत धावलं. मी माइक तोंडाशी नेला. देवाशप्पथ सांगतो, काहीही ठरवलेलं नव्हतं.

"थांबा! दुसरा चेंडू आत येणार नाही! आज या मैदानावर भंडारा जिल्ह्याचा नियम लागू आहे! ज्याच्या पायानं गेला, त्यानं आणायचा! तो येईपर्यंत खेळ थांबेल!"

अध्यक्षांनी माझ्याकडं हात हलवला, मस्करी बस म्हणून. पण कोल्हापूरच्या पोरांना मस्करी कुठं वाढवायची ते शिकवावं लागत नाही. दोन्ही संघांचे कॅप्टन एकमेकांकडं बघून हसले, आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग बाकीचेही. बावीस जण, कमरेवर हात. पंचांनी घड्याळ बघितलं आणि आकाश बघितलं. पब्लिक सुरू झालं, "आणा! आणा! आणा!"

अध्यक्ष निघाले. दुसरा इलाज नव्हता.

ते येईपर्यंत माझ्याकडं माइक होता आणि भरपूर वेळ. मी सगळ्या मैदानाला गोष्ट सांगितली. खांब सांगितले, नसलेली जाळी सांगितली, तीन ट्रक, एक चेंडू, आणि लाखोरीच्या कडेकडेनं पळणारी पोरगी. ज्या मैदानावर एरवी शेजारचा माणूससुद्धा मला ऐकू येत नाही, तिथं मला माझा स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

अध्यक्ष चेंडू घेऊन परतले. बूट पांढरे राहिले नव्हते. आवाज करायचा की नाही हे पब्लिकला कळेना. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला, आणि धापा टाकत म्हणाले, "अकॅडमी बंद व्हणार न्हाई. जाळी लावतो. पोरगी कोल्हापूरला यील." मग माइकवर हात ठेवून मला हळूच म्हणाले, "तुला बघतो."

त्यांनी मला अजून बघितलेलं नाही. जाळीही अजून लावलेली नाही. मास्तरांना मी एक दिवसाआड फोन करतो. ते सांगतात, "एक ट्रक गेला जी. दोन हायेत. खांब हायेत." हजारो लोकांसमोर दिलेला शब्द आहे, तो सहज गिळता येणार नाही, असं मी स्वतःला सांगतो. पण मी अध्यक्षांना तीस वर्षं ओळखतो, आणि यावेळी पोटात भातही नाही. म्हणून जाळीचा फोटो येईपर्यंत प्रत्येक मॅचला माइकवरून हीच गोष्ट पहिल्यापासून सांगणार आहे. पब्लिकला आता पाठ झालीय. खांबांपाशी आलो की तेच पुढचं म्हणतात.

त्या संध्याकाळी मी पल्लवीला फोन केला होता. सगळं रंगवून सांगितलं, अध्यक्षांची चाल, धापा, बूट, बावीस जणांचे कमरेवरचे हात. पलीकडं मुली हसून हसून लोळत होत्या. पल्लवी हसली नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एकच विचारलं.

"काका, ते आणाले गेले ते बराबर. पण धुऱ्यानं गेले, का पिकातून?"

मी आठवून बघितलं. अध्यक्ष फाटकाकडून वळसा घालून गेले नव्हते. गॅलरीच्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसांच्या खांद्यांवर हात टेकत, त्यांच्या पायांवर पाय देत, थेट वरून गेले होते.

"माणसांतून गेले," मी म्हणालो.

"मंग अखिन एकदा जा लागन त्याइले," ती म्हणाली, आणि सरावाला गेली.